कोहळं घेऊन सुरी घ्यायला

माय,

तुझ्या जावयाला जंगलात राहायचं वेड लागलं आहे. विजेच्या खात्यातून निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं होतं, आता हा माणूस सकाळी फिरायला जाईल, दुपारी झोपेल, संध्याकाळी चौकात चार जणांत बसून सरकार चालवेल. तसं काही झालं नाही. तू होतीस तेव्हा फोन भिंतीजवळ तारेला बांधलेला असायचा. आता तो खिशात असतो, आणि त्यात परदेशातली दाढीवाली माणसं बर्फात खड्डा खणून राहतात, लाकडं तासतात, गारगोटीवर ठिणगी पाडतात आणि नदीतला मासा भाजून खातात. तुझा जावई ते सगळं पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन बघतो. आपल्या बुलढाण्यात बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, पण हे त्याला कोण सांगणार? एक दिवस मला म्हणाला, "माणसाला स्वतःच्या हिमतीवर एक रात्र तरी काढता आली पाहिजे." मी म्हटलं, मी माहेरी गेले की काढताच की. तर म्हणाला, तसं नाही, तंबूत.

तुझ्याशी बोलले असते तर आपल्या बोलीत बोलले असते. पण कोर्टात इतकी वर्षं टायपिंग केल्यावर लिहायला बसलं की हात आपोआप असाच चालतो, त्याला तू नावं ठेवू नकोस.

तर तंबूच्या आधी सुरी. त्याचं म्हणणं, जंगलात माणसाजवळ एकच वस्तू ठेवता येत असेल तर ती सुरी. त्याने मला न विचारता एक मागवली. खोकं उघडलं आणि आत जे निघालं ते बघून मी चहाचा कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा मुठीला चिठ्ठी बांधलेली आहे का ते पाहिलं, कारण असली हत्यारं मी आजवर फक्त मुद्देमालाच्या टेबलावर पाहिली आहेत. पात्याच्या पाठीला करवतीसारखे दात. मूठ आतून पोकळ, तिच्या बुडाला फिरकीचं झाकण, झाकणात होकायंत्र, आणि पोकळीत काड्या, सुईदोरा आणि मासे धरायचा गळ. मी विचारलं, गळ कशाला? "मासे," तो म्हणाला. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, तेही येईल की नाही याची शाश्वती नाही, आणि हा माणूस मासे धरायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या अंगणात एक ओंडका उभा केला, त्यावर सुरीचं पातं ठेवलं आणि वरून दुसऱ्या लाकडाने ठोकायला लागला. फोनमधला माणूस असंच लाकूड फोडतो म्हणे. दोन-तीन ठोके बसले असतील नसतील, मूठ याच्या हातात राहिली आणि पातं कुंपणावरून शेजारच्या गुरुजींकडे गेलं. तिकडे दोरीवर त्यांची गोधडी वाळत होती. थोड्या वेळाने गुरुजी ते पातं चिमटीत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं, फाटकाशी आले. "हे तुमचं काय?" तुझा जावई नुसती मूठ हातात घेऊन उभा. नाही म्हणायला वाव नव्हता. होकायंत्र तेवढं शाबूत होतं आणि उत्तर बरोबर दाखवत होतं.

त्या दिवशी मला तू आठवलीस. म्हणजे तू आठवतेसच, पण त्या दिवशी तू तुझ्या पोत्यावर बसलेली आठवलीस. रविवारचा बाजार, देऊळघाटहून पहाटेच्या बसने आणलेली कोहळी, ज्यांना कोर्टातले पुण्याकडचे लोक लाल भोपळे म्हणतात, आणि तुझ्यासमोर अर्धं फोडून ठेवलेलं एक, आतून पिवळंधमक. अख्खं कोहळं कोणी घेत नाही, फोड मागतात, आणि कोहळ्याची साल ही काय चीज आहे ते ज्याने रोज फोडली त्यालाच कळतं. किती सुऱ्यांच्या मुठी तू ढिल्या केल्यास त्याचा हिशेब नाही. मी तुझ्या शेजारी बसून पाढे पाठ करते आहे आणि तू एका बाईला फोड देतेस, मला म्हणतेस, "तिकडून सुरी दे." मी देते ती पातं पुढे करून. बाजार भरलेला, गिऱ्हाईक समोर, आणि तू सगळं थांबवतेस. "अशी देतात काय वं सुरी? मूठ समोरच्याच्या हातात आली पायजे. घे परत. आता दे." मी दिली. "हाव, अशी." गिऱ्हाईक बाई हसायला लागली. मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी तुझ्याशी बसमध्ये बोलले नाही. पण आजही कोणी माझ्याकडून कात्री मागितली तर आधी मूठ जाते. कोर्टात वकील लोक हसतात, म्हणतात, बाई पेनसुद्धा टोपणाकडून देतात.

आणि नवी सुरी घ्यायची असली की तू पिशवीत कोहळं घालून दुकानात जायचीस. तो अवजारवाला तुला लांबून बघितलं तरी हात जोडायचा. "मावशी, सुरी अशी पाहत नसतात. बोटानं धार पाहा, झालं." आणि तू म्हणायचीस, "तुझी सुरी मले काय हवा कापायले पायजे काय?" मग तू पिशवीतलं कोहळं त्याच्या काउंटरवर ठेवायचीस. धार तू सगळ्यात शेवटी बघायचीस. आधी मूठ उलटी करून बघायचीस, लोखंड तिच्यात कुठवर गेलंय. मग त्याच्याकडून तेलाचा थेंब मागून हाताला चोळायचीस आणि तशा बुळबुळीत हाताने सुरी धरायचीस. मी लाजून दुकानाबाहेर उभी. बरोबरच्या पोरींच्या आया दुकानात जाऊन बांगड्या घेत असत.

माझ्या लग्नात तू भांड्यांच्या वर एक सुरी ठेवलीस तेव्हाचा गोंधळ तर मी अजून विसरलेली नाही. माझी सासू मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली, "हे काय विहीणबाई? पोरीले सुरी देऊन धाडता काय आमच्या घरी?" तू शांतपणे पदर सावरलास. "भाजी चिरायले देली. बाकी तुमच्या वागण्यावर हाय." त्यानंतर सासूने मला कधी वाकडा शब्द म्हणून ऐकवला नाही. सासूने नाही, पण नणंदेने ऐकवला. खामगावला दिलेली ती, तिला तू त्याच मांडवात फटाकडी म्हणाली होतीस. तिने पुढची कित्येक वर्षं माझी ओळख एकाच शब्दात करून दिली: कोहळेवालीची पोरगी. हसून म्हणायची. हसून म्हटलेल्याला उत्तर देता येत नाही, हे तिला माहीत होतं.

असो. गुरुजींची गोधडी शिवून दिल्यावर मी तुझ्या जावयाला म्हटलं, दुसरी सुरी घ्यायची असेल तर मी सोबत येणार. आणि बाजारातून आधी एक कोहळं घेतलं. दुकान जवळ आलं तसा तो माझ्यापासून मागे मागे राहायला लागला, आपली ओळखच नाही असा. दुकानदार तरुण होता. एका बाजूला विळे, खुरपी, कुऱ्हाडीचे दांडे, आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात हल्लीच्या हौशी लोकांसाठीचे चाकू, खाली निळा दिवा लावलेला. मी कोहळं काउंटरवर ठेवलं.

"काकू, हे काय?"

"पाहू द्या जरा," मी म्हणाले. बस, त्यानंतर मला लाज वाटेनाशी झाली. का ते माहीत नाही. तुझ्यासारखी मी बसकण मारली तिथल्या स्टुलावर आणि कपाट उघडायला लावलं.

तुझ्या जावयाची नजर सगळ्यात मोठ्या सुरीवर. कोपराएवढी लांब, काळी, एखाद्या दरोड्यात शोभेल अशी. मी म्हटलं, असली घेऊन बसमध्ये बसलात तर पुढची तारीख मलाच टाईप करावी लागेल. तर तो हळूच म्हणाला, "अगं, पण अस्वल आलं तर?" घाटाकडच्या रानात अस्वलं आहेत हे खरं आहे.

"अस्वल आलं तर तुम्ही सुरी काढणार की पळणार?"

त्याने खरोखर विचार केला. हा त्याचा गुण मला पहिल्यापासून आवडतो. "पळणार," तो म्हणाला.

"मग पळताना हलकी बरी."

दुकानदाराने तोंड फिरवून हसून घेतलं. मग तुझ्या जावयाला मिटणारा चाकू घ्यावासा वाटायला लागला, खिशात राहतो म्हणून. आमच्या नंदोयांकडे, म्हणजे त्या नणंदेच्या नवऱ्याकडे, तसला एक आहे, किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला, त्यात चाकू, कात्री, नखं घासायची कानस, बाटली उघडायचं, सगळं निघतं. दुकानातला एक मी कोहळ्यात घातला. साल लागली, मी जोर दिला, आणि पातं सांध्यातून मिटायला लागलं, ते माझ्या बोटांच्या दिशेनेच. तो परत दिला. मग एक चकचकीत, न गंजणारी. धार छान, पण दुकानदारानेच सांगितलं की ती उतरली की आपल्या साध्या दगडावर लवकर लागत नाही. मूठ प्लास्टिकची, तेलाच्या हातात मासोळीसारखी फिरली. शेवटी एक निघाली, काही दिसायला विशेष नाही. पातं माझ्या तळहाताएवढं, पाठ सरळ आणि जाड, आणि मुठीच्या दोन लाकडी फळ्यांमधून लोखंड दिसत होतं, थेट बुडापर्यंत गेलेलं, रिव्हेट मारलेलं. साधं पोलाद, पुसून तेल लावून ठेवलं नाही तर गंजणारं. कोहळं एका दाबात उघडलं, माय. तो आवाज तुला माहीत आहे. म्यान उलटं करून हलवलं तर सुरी सरळ खाली, तुझ्या जावयाच्या चपलेशेजारी. म्हणून म्यान दुसरं घेतलं, घट्ट. अर्धं कोहळं दुकानदाराने घरी नेलं.

आता तंबू कुठे ठोकायचा? जंगलात रात्री राहू देत नाहीत. शेवटी तो ठोकला आपल्याच शेतात, देऊळघाटला, टेकडीच्या अंगाला, तुझ्या वेलांच्या वाफ्याला लागून. भाऊ बांधावर उभा राहून बघत होता. घर हाकेच्या अंतरावर, तिथे खाटा आहेत, पंखा आहे. "दाजी, आमच्या घरी काही चुकलं काय?" त्याने तीनदा विचारलं. तुझ्या जावयाने त्याला स्वतःच्या हिमतीबद्दल सांगितलं. भाऊ म्हणाला हाव, हाव, आणि घरी जाऊन वहिनीकरवी भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी डब्यात भरून पाठवली. हिमतीला तासभर बाजूला ठेवून आम्ही जेवलो. चूल त्याने पेटवली, सुरीने काटक्यांच्या पातळ ढलप्या काढून, अगदी सावकाश, जीभ बाहेर काढून. पेटली तेव्हा त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

याचे फोटो त्याने फोनवर टाकल्याबरोबर नणंद आणि नंदोई मोटारसायकलवर हजर. तिथून पुढे सकाळी शेगावला दर्शनाला जायचं, त्या निमित्ताने; शेगाव खामगावच्या उशाला आहे हे कोणी विचारायचं नाही. नणंदेच्या पिशवीत एक साडी, लेकीच्या सासरहून आलेली, जांभळी, पदरभर जर. ती आम्हाला शेकोटीपाशी उलगडून दाखवण्यात आली. मला हात लावायच्या आधी हात पुसायला सांगण्यात आलं. सुरी बघून ती म्हणाली, "वहिनी, दादाले या वयात काऊन असली खेळणी घेऊन देता?" मी तिला भाकरी वाढली.

सकाळी थंडी होती. नणंद ती साडी नेसून मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसली आणि पदर डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती गुंडाळला. मी त्यांना वाटेत खायला म्हणून बांधावर बसून पेरू कापत होते. नंदोयांनी गाडी चालू केली. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी असते ती डाव्या बाजूला, माय, आणि पदराचं टोक सुटलं ते पाठीमागून, उजवीकडे. मला ते दिसलं. मी ओरडायला तोंड उघडलं तोवर ते चाकात गेलेलं होतं.

गाडी पायवाटेवर होती, जेमतेम हललेली, म्हणून ती वाचली. ती पाठीवर खाली आली आणि मान चाकाशी ओढली गेली. नंदोयांनी गाडी बंद केली, स्वतः कसेबसे उतरले, गाडी तिच्या अंगावर पडू नये म्हणून एका हाताने तोलून धरली आणि दुसऱ्या हाताने तो फास ओढायला लागले. तो ओढून सुटतो का? ताठ दोर झाला होता. मग त्यांनी किल्ल्यांचं जुडगं उपसलं आणि दाताने एकेक उघडायला लागले. आधी कानस निघाली. मग बाटली उघडायचं. मग कात्री, नखाएवढी. "एक मिनिट, एक मिनिट," ते म्हणत होते, कोणाला ते माहीत नाही. तुझा जावई गाडीचा मागचा भाग धरून उभा होता.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. तिचा चेहरा साडीच्या रंगाला आला होता. मी गुडघ्यावर बसले, डाव्या हाताची दोन बोटं तिचा गळा आणि कापड यांच्यामध्ये घुसवली, नखांनी तिला ओरबाडलंच, आणि पातं बोटांच्या पाठीवरून, धार बाहेरच्या बाजूला. हात पेरूच्या पाण्याने ओले. मूठ फिरली नाही. आणि ती, माय, तशा अवस्थेत, माझं मनगट धरून मला अडवायला लागली. आवाज निघत नव्हता, पण ओठ हलत होते. "साडी... साडी..."

"मरू दे तिकडं तुझी साडी!" मी म्हणाले. तीस वर्षांत मी तिला अगंतुगं केलं नव्हतं. मी दाबलं आणि कापड उघडलं.

तिने श्वास घेतला तो आवाज मी विसरणार नाही. मग ती खोकली, मग रडली, आणि मला सोडेचना. भावाने जीप काढली. बुलढाण्याला दवाखान्यात जाईपर्यंत तिने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. गळ्याभोवती लाल वळ उठला होता. डॉक्टरांनी तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं, म्हणाले थोडा वेळ अजून गेला असता तर अवघड होतं. त्यांनी विचारलं, कोणी कापलं? तर ती घोगऱ्या आवाजात, बोलू नका सांगितलं असताना, म्हणाली, "माह्या वहिनीनं. तिची माय बाजारात कोहळी फोडे. तिचा हात बसेल हाय." डॉक्टरांना काही कळलं नाही. ते हो म्हणाले. मी खिडकीकडे बघत बसले.

तुझ्या जावयाने त्या रात्री फोन उघडला नाही. सुरी धुतली, पुसली, तेल लावलं, म्यानात ठेवली. मला म्हणाला, "तू नसतीस तर..." आणि दिवा मालवला. आता म्हणतो, पुढच्या वेळी टेकडीच्या पलीकडे तंबू ठोकू. जाणार आहे मी. झोप चांगली लागते तिथे.

हे कुठल्या पत्त्यावर पाठवायचं नाही, म्हणून शेवटचं एक तेवढं सांगते. गळ्याजवळ कापलं ते कापायलाच हवं होतं, त्याबद्दल काही नाही. पण नंतर, ती जीपमध्ये बसल्यावर, भाऊ जीप वळवत होता तेवढ्यात, चाकात अडकलेला जरीचा पदर काढायचा होता. तुझा जावई सांगत होता की चाक उलटं फिरव, अख्खा निघेल, रफू होईल. मी ऐकलं नाही. मी कापत गेले. तुकडे तुकडे केले. तिला सांगितलं की दुसरा इलाज नव्हता. आणि सुरी काय सुरेख चालत होती, माय.